गुरुवारचा उपास आणि थँक्सगिव्हिंग

आई-बाबा अमेरिकेत आमच्याकडे जवळजवळ तीन महिने राहिले आणि जानेवारी २०२५ मध्ये कराडला परत गेले. तेव्हापासून ओळखीतल्या तीन-चार जणींचे फोन आले आणि सगळ्यांचं विचारणं एकच होतं: "तू त्यांचं सगळं कसं जमवलंस? आम्हाला तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही." प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी, नवरा, पाचवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. बाबा एकाहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ. आई सहासष्ट वर्षांची. दोघंही त्याआधी कधी विमानात बसले नव्हते.

सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. पासपोर्ट आधीच काढून ठेवले होते, पण बाबा तयार नव्हते. लेकीच्या घरी आठ-पंधरा दिवस ठीक, तीन महिने राहायचं म्हणजे त्यांच्या मनाला पटेना. शेवटी नवऱ्यानंच त्यांना फोन केला. "बाबा, माझी आई इथे साडेपाच महिने राहून गेली. आता तुम्ही नाही म्हणालात तर मला तिच्यापुढे काय तोंड राहील?" यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग काय काय कागद लागतात ते लिहून पाठवा."

कागद फार लागत नाहीत, अर्ज मात्र वेळखाऊ आहे. भेटीला येणाऱ्यांचा व्हिजा म्हणजे बी-२, आणि त्याचा ऑनलाइन अर्ज म्हणजे डीएस-१६०. प्रत्येकाचा वेगळा भरायचा. वीसेक मिनिटं काही केलं नाही तर पान आपोआप बंद पडतं, म्हणून सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक पान भरलं की जतन करत जा. मी हे केलं नव्हतं. आईचा अर्ज दोनदा पहिल्यापासून भरावा लागला.

आपल्याकडच्या आई-वडिलांच्या बाबतीत दोन जागी हमखास अडतं. पहिली नावाची. 'पूर्वी दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का', या प्रश्नाला आपण घाईत 'नाही' करून पुढे जातो. पण आईचं लग्नात आडनाव तर बदललंच, पहिलं नावही बदललं. तिच्या सातवीच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे. ते तिथे नीट लिहायला हवं. हे विचारायला मी तिला फोन केला तेव्हा तिनं आपलं माहेरचं पूर्ण नाव सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्या नावानं तिला हाक मारणारं आता फक्त एक माणूस उरलं आहे, डोंबिवलीचा मामा.

दुसरी जागा जन्मतारखांची. बाबांची तारीख १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली, त्या पिढीतल्या कितीतरी जणांची असते तशी. खरी तारीख कुणालाच माहीत नाही. पासपोर्टवर जी आहे तीच अर्जात घालायची, यात वेगळा विचार करू नका. अर्जदाराच्या आई-वडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. माझ्या आजी-आजोबांच्या कुठून मिळणार? तिथे 'माहीत नाही' असा पर्याय असतो, तो निवडला. अंदाजानं काही लिहू नये.

व्हिजाची फी तेव्हा माणशी १८५ डॉलर होती, ती भारतात रुपयांत भरली. दोघांचे मिळून एकतीस हजारांच्या आसपास गेले. ही फी परत मिळत नाही आणि भरल्यापासून वर्षाच्या आत मुलाखतीची वेळ घ्यावी लागते. ती घ्यायला बसले तर मुंबईची सगळ्यांत जवळची तारीख निघाली जानेवारी २०२५. दीड वर्ष! मी ती घेऊन ठेवली आणि रोज आधीची तारीख सुटते का ते बघायला लागले. यात एक लक्षात ठेवा, साइट सारखी उघडझाप केली की खातं काही तासांसाठी गोठतं, आणि तारीख बदलायच्या संधीही मोजक्याच असतात. त्यामुळे दिवसातून दोनदाच बघायचं आणि तारीख सोयीची असल्याशिवाय बदलायची नाही, असं ठरवलं. सात महिने असंच चाललं. कितीदा वाटलं, सोडून द्यावं. मार्च २०२४ मध्ये एका पहाटे मेच्या तारखा दिसल्या. १४ मेला बोटांचे ठसे, १५ मेला मुलाखत. हात थरथरत होते, पण घेतल्या.

सातारा मतदारसंघाचं मतदान ७ मेला होतं. मतदान चुकवून मुंबईला जायला बाबा तयार झाले नसते, म्हणून तारीख त्यानंतरची मिळाली याचं मला फार बरं वाटलं. १२ तारखेला दोघं डोंबिवलीला मामाकडे गेले. १३ मेच्या संध्याकाळी मुंबईत धुळीचं वादळ झालं, घाटकोपरचं ते प्रचंड होर्डिंग कोसळून माणसं गेली, लोकल रखडल्या. इथे सकाळ होती. बातम्या बघताना माझं कामात लक्ष लागेना. मामाचा फोन लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. दोघं घरीच होते.

ठसे आणि मुलाखत दोन्ही वांद्रे-कुर्ला संकुलातच झालं. ठशांचं काम अर्ध्या तासात संपलं. मुलाखतीला वकिलातीत मोबाइल, बॅग, काहीच आत नेऊ देत नाहीत, म्हणून मामाला बाहेर उभं राहायला सांगितलं होतं. हे जरूर करा. म्हाताऱ्या माणसांच्या हातात फोन नसला की बाहेर आल्यावर कुणाला शोधायचं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

बाबांनी एक जाडजूड फाइल तयार केली होती. पेन्शनचे कागद, बँकेचं पासबुक, घराची कर पावती, सातबारा, माझं निमंत्रणाचं पत्र, आमच्या पगाराच्या पावत्या. यातला एकही कागद कुणी मागितला नाही. आईला इंग्रजी येत नाही, मराठीत बोलता येईल का असं तिनं विचारलं आणि तशी सोय झाली. विचारलं इतकंच: कुणाकडे जाताय, मुलगी काय करते, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, इथे मागे कोण आहे. शेवटच्या प्रश्नाला बाबा म्हणाले, "घर आहे, दोन एकर ऊस आहे, म्हातारा भाऊ आहे." तीन मिनिटांत झालं. पासपोर्ट ठेवून घेतले, म्हणजे व्हिजा मंजूर. मामाच्या फोनवरून आईचा आवाज आला, "झालं गं पोरी." पुढे ती काही बोलली नाही आणि मलाही बोलता आलं नाही.

पासपोर्ट २४ मेला हातात पडले. अनेक वेळा येण्याजाण्याचा दहा वर्षांचा व्हिजा होता. फाइल उघडली नाही तरी ती न्यायला हवी, असंच मी सांगेन. बाबा तिच्या जोरावरच शांतपणे बोलू शकले.

यानंतर तिकीट आणि विमा. उतरायला न लावणारं थेट विमान घ्या. थोडं महाग पडलं तरी चालेल, मधे कुठल्यातरी परक्या विमानतळावर दोघांनी फाटकं शोधत फिरायला नको. मुंबई ते न्यूअर्क, जाऊन-येऊन दोघांचे दोन लाख साठ हजार झाले. तिकीट काढतानाच दोन गोष्टी नोंदवल्या. एक म्हणजे चाकाची खुर्ची. बाबा रोज चार किलोमीटर चालतात, त्यांना हे कमीपणाचं वाटलं. पण ती खुर्ची फक्त पायांसाठी नसते. ती ढकलणारा माणूस तुम्हाला सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, सामान या सगळ्यातून वाट दाखवत बाहेर आणून सोडतो, हे पटल्यावर ते कबूल झाले. दुसरी गोष्ट शाकाहारी जेवण. ते आधी सांगावं लागतं. माळकरी माणसाला सोळा तास उपाशी बसायची पाळी येऊ नये.

विम्यात मी चुकले, ते सांगते. पंच्याऐंशी दिवसांचे दोघांचे ७८० डॉलर भरले. हप्ता कमी व्हावा म्हणून पहिले २५० डॉलर आपल्या खिशातून जातील असा पर्याय घेतला होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. जुन्या आजारांचं कलमही नीट वाचा. बाबांचा रक्तदाब जुना आहे. अशा दुखण्याच्या नेहमीच्या उपचारांना या विम्यांतून पैसे मिळत नाहीत, अचानक बिघडलं तरच आणि तेही अटींवर. म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ पाकिटांसकट आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितल्या.

आईच्या पर्समध्ये मी एक कागद ठेवायला लावला होता. त्यावर इंग्रजीत आमचा पत्ता, दोघांचे फोन, परतीची तारीख आणि सामानातल्या खाण्याच्या वस्तूंची यादी: मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, आमसुलं, बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. खाण्याचं काही आणलंय का असं विचारलं की 'हो' म्हणायचं आणि कागद पुढे करायचा. लपवायचं काही नाही. त्यांची बॅग उघडून बघितली आणि सगळं परत दिलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार. विमानतळाच्या दाराशी उभे राहून आम्हाला दीड तास झाला होता. दोन खुर्च्या एकामागोमाग एक बाहेर आल्या. बाबांच्या मांडीवर ती फाइल होती. मुलगा धावला, आणि अगदी जवळ जाऊन एकदम थांबला. फोनवर रोज दिसणारे आजोबा एवढे उंच असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

पासपोर्टवर शिक्का बसला तरी राहायची मुदत आय-९४ या नोंदीवरून ठरते, व्हिजाच्या दहा वर्षांवरून नाही. ती सरकारी साइटवर दुसऱ्या दिवशी बघून ठेवा. साधारण सहा महिने मिळतात, आमच्यावर एप्रिलची तारीख होती. नावात किंवा तारखेत चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घेता येते, वर्षानं लक्षात आली तर नसता घोर लागतो.

दिवाळी सुरेख झाली. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, ३ तारखेला भाऊबीज, आणि त्याच पहाटे इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. बाबा मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवायचे, म्हणून हिशेब साडेनऊ तासांवरून साडेदहावर गेला आणि त्यांनी तो वहीत लिहून ठेवला. अवघड गेला तो अंधार. नोव्हेंबरअखेरीस साडेचारलाच सूर्य मावळतो. पाच वाजता आई दिवा लावायची आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंतचा वेळ तिला खायला उठायचा. तुमचे आई-वडील या दिवसांत येणार असतील तर संध्याकाळचं काहीतरी ठरवून ठेवा. आमच्याकडे मुलीनं तो वेळ मराठी वाचायला धरला.

बाबांना या गावात सगळ्यांत कशाचं नवल वाटलं असेल तर कोरडेपणाचं. ऑक्टोबर २०२४ न्यू जर्सीत नोंदीतला सगळ्यांत कोरडा महिना ठरला. पाऊस जवळजवळ पडलाच नाही, जंगलांना वणवे लागले, १३ नोव्हेंबरला राज्यानं दुष्काळाचा इशारा दिला. काही दिवस आमच्याकडेही हवेत धुराचा वास होता. बाबा रोज सकाळी अंगणातली माती चिमटीत घेऊन बघायचे. "कालव्याच्या नोकरीत आयुष्य गेलं," म्हणायचे, "माती बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला आभार मानायचा सण, दरवर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं. २०२४ मध्ये ते २८ तारखेला होतं. बुधवारी शाळा अर्धा दिवस, गुरुवार-शुक्रवार सुट्टी, मग शनिवार-रविवार. हे साडेचार दिवस मी महिनाभर आधीच भरून टाकले होते. बुधवारी दुपारी निघून वॉशिंग्टन, तीन रात्री हॉटेल, लिंकन स्मारक, संग्रहालयं, परतताना बाल्टिमोरचं मत्स्यालय. आई-बाबा एवढ्या लांबून आले आहेत, जितकं दाखवता येईल तितकं दाखवायचं, याच एका विचारानं मी ते सगळं आखलं होतं.

२० नोव्हेंबरला बाबांना ताप भरला. खोकला चार दिवस होताच. मी घाबरून गेले, पण इथे एक गोष्ट ठाऊक असायला हवी. जीवावरचं नसेल तर इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जाऊ नका, तिथलं बिल हजारांत जातं. वस्तीजवळ अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, वेळ न घेताही तिथे बघतात. फ्लूची आणि कोविडची तपासणी झाली, दोन्ही नाही निघालं. विषाणूचा ताप, विश्रांती, भरपूर पाणी, आणि आठ-दहा दिवस लांबचा प्रवास नको. बिल १८५ डॉलर. हा आकडा अडीचशेच्या आतला, म्हणजे विम्यातून काहीच मिळालं नाही. साठ-सत्तर डॉलर जास्त भरून ती मर्यादा शून्य घेतली असती तर बरं झालं असतं. तुम्ही तशीच घ्या.

त्या रात्री महिना-दीड महिन्यानंतर खरा पाऊस आला. बाबा तापातही उठून खिडकीशी बसले.

हॉटेल दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येत होतं, ते केलं. मुलीनं गणितं करून कुठल्या संग्रहालयात किती वेळ द्यायचा ते लिहिलं होतं, ती रडली. बाबांना फार वाईट वाटलं. "माझ्यामुळं पोरांचा हिरमोड झाला," असं ते दोन दिवस घोकत राहिले. मीही मनातून खट्टू होते. सुट्टी फुकट गेली, असंच मला वाटत होतं.

बुधवारी आई म्हणाली, "उद्या गुरुवार. माझा उपास. तुमचा सण आहे, तुम्ही आपलं करा, माझ्यापुरती मी खिचडी टाकते." मी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची यादी काढून बसले होते. टर्की, म्हणजे त्या दिवशी भाजतात तो पक्षी, आमच्याकडे येणारच नव्हती. बाजारात मिळणाऱ्या तयार पदार्थांतही माळकऱ्याला चालणारं थोडंच असतं. टर्कीच्या पोटात भरतात त्या पावाच्या मिश्रणाच्या पाकिटात बहुतेकदा कोंबडीचा रस्सा असतो, रताळ्यावर घालायच्या मार्शमेलोत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, भोपळ्याच्या 'पाय' या गोड पदार्थात अंडी. पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय काही घेऊ नका. हे सगळं खोडत गेले आणि उरलं काय तर बटाटा, रताळं, लाल भोपळा, क्रॅनबेरी. मी ते मोठ्यानं वाचलं. आई पोळ्या लाटता लाटता थांबली. "हे तर सगळं उपासाचंच आहे की गं."

बुधवारी दुपारी आम्ही ओक ट्री रोडवर गेलो. ही आमच्याकडची भारतीय दुकानांची पेठ. साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचं पीठ, ओला नारळ घेतला. रताळी घेताना बघून घ्या. इथली नारिंगी रताळी फार पाणचट, त्यांचा कीस चिकट होतो. जांभळ्या सालीची, आतून पांढरी असतात ती घ्या.

गुरुवारी सकाळी कुणीही कुणाला उठवलं नाही. हे आमच्या घरात कधी होत नाही. साडेआठला टीव्हीवर न्यू यॉर्कची मेसीज परेड लागली. १९२४ पासून चालत आलेली ही मिरवणूक, पाच-सहा मजली फुगे दोऱ्यांनी धरून माणसं चालत नेतात. बाहेर आमच्याकडे पाऊस, तिकडे मॅनहॅटनमध्येही पाऊस. शाळाकॉलेजांची वाद्यपथकं भिजत वाजवत होती. बाबा शाल पांघरून बघत होते. "वारीत पोरं अशीच भिजत चालतात," म्हणाले.

मग त्यांनी नातीला विचारलं, "बाळा, हा सण नेमका कुणाचा?" पाचवीत नुकतंच शिकवलेलं होतं, तिनं मराठी-इंग्रजी मिसळून सांगितलं. १६२१ मध्ये प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या लोकांचं पहिलं पीक हाताशी आलं, तिथल्या मूळच्या वॅम्पनोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसोइट आपली नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस जेवणं झाली. लिंकननं १८६३ मध्ये देशभर हा दिवस पाळायला सांगितलं, १९४१ मध्ये कायद्यानं चौथा गुरुवार ठरला. आणि त्या वॅम्पनोआग लोकांच्या जमिनी पुढे गेल्या, म्हणून मूळ रहिवासी १९७० पासून याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. बाबा बराच वेळ विचार करत राहिले. "धरणात गाव गेलेल्या माणसांना विचार, पाणी कुणाला मिळालं आणि घर कुणाचं गेलं," ते म्हणाले. मुलीला ते सगळं कळलं नसेल, पण तिनं परेड बघायची सोडून कोयनेच्या धरणाची गोष्ट त्यांच्याकडून काढून घेतली. तासभर दोघं त्यातच होती. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात हा तास मिळाला नसता.

स्वयंपाकघरात आई आणि नवरा. तो रताळी किसत होता, ती दाणे भाजत होती. क्रॅनबेरी तिनं पहिल्यांदाच चाखली. दातानं फोडली, डोळे मिटले आणि म्हणाली, "करवंद!" मग तिनं त्यात हिरवी मिरची, जिरं, गूळ, मीठ घालून करवंदाच्या चटणीसारखी चटणी वाटली. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दही घालून भोपळ्याचं भरीत, बटाट्याची भाजी, वरीचा भात आणि दाण्याची आमटी. मुलांसाठी मी अंडं न घालता, घट्ट दूध आणि कॉर्नफ्लोअर वापरून भोपळ्याचा पाय केला होता. शेजारचं वयस्कर अमेरिकन जोडपं तीन वाजता आलं. त्यांची मुलं कॅलिफोर्नियात, त्या वर्षी आली नव्हती. काकूंनी आधीच विचारलं होतं की तुमच्या वडिलांना काय चालतं, आणि बेक केलेली सफरचंदं आणली होती. त्यांनी खिचडी दोनदा घेतली. फुटबॉलचा सामना लागला होता, त्या दिवशी डेट्रॉइटचा संघ खेळतोच. काका बाबांना खेळ समजावत होते आणि बाबा मान डोलवत होते.

मुलानं शाळेत आपल्या पंजाचा ठसा काढून कागदी टर्की केली होती, तिची पिसं वेगळी कापून आणली होती. प्रत्येकानं एका पिसावर कशाबद्दल आभार मानायचे ते लिहायचं. बाबांनी चष्मा लावला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'कृष्णा-कोयनेचं पाणी.' आई मात्र लिहीना. "घरच्यांचे कसले आभार मानायचे? परक्यासारखं वाटतं." मुलं तिला प्रत्येक पोळीला थँक यू म्हणायची, तेही तिला पहिल्या आठवड्यात टोचलं होतं. मुलगा हट्टाला पेटला. शेवटी तिनं पीस हातात घेतलं, देवघरापाशी गेली आणि त्याला हळदकुंकू लावून आणलं. ते तसंच टर्कीला चिकटवलं.

मग त्यानं विचारलं, "आजी, तू गुरुवारी का जेवत नाहीस?"

मला वाटत होतं मला उत्तर माहीत आहे. दत्ताचा वार, आई आधीपासून करत असणार. आई म्हणाली, "तुझी आई अमेरिकेला निघाली ना, तो गुरुवार होता. घरी आले तर घास उतरेना. मग म्हटलं, नाहीच जेवायचं या दिवशी."

मी ऑगस्ट २०१२ मध्ये निघाले होते. बारा वर्षांचे गुरुवार. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि फोनवर दर गुरुवारी "आज उपास ना, काय खाल्लंस?" असं मीच तिला विचारत होते. मी ताटं उचलायला घेतली. ती मागून आली, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाली, "बस जरा. मी आहे ना आज."

संध्याकाळी आरती झाली. आईनं वरणभात खाऊन उपास सोडला, आम्ही सगळे तिच्यासोबत परत जेवलो.

शुक्रवारी दुकानांमधल्या सवलतींसाठी आम्ही गेलो नाही. पत्ते खेळलो, मुलं दुपारी आजीच्या कुशीत झोपली, उरलेल्या भोपळ्याचे घारगे झाले. शनिवारी बाबांचा खोकला बराच कमी झाला आणि ते कोपऱ्यापर्यंत चालून आले. त्या साडेचार दिवसांचा सगळा खर्च शंभर डॉलरच्या आत झाला. आई-बाबांना आणल्यावर नायगारा, वॉशिंग्टन सगळं दाखवा, पण मधे असे चार दिवस काही न आखता मोकळे ठेवा. आम्ही वॉशिंग्टनला डिसेंबरच्या सुट्टीत दोन रात्री जाऊन आलो. छान झालं, पण बाबा घरी गेल्यावर भावाला सांगतात ते त्या पावसातल्या गुरुवारचंच.

रविवारी अमावस्या होती. मुलांची दप्तरं भरून झाल्यावर आई कॅलेंडर घेऊन माझ्यापाशी आली. "येत्या गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडायचा म्हणते. आंब्याचे डहाळे नाहीत मिळणार, पण विड्याची पानं मिळतात का गं तुमच्या त्या रस्त्यावर?" मिळतात, मी म्हटलं. बुधवारी ऑफिस सुटल्यावर पानं, पाच फळं आणि शेंडी असलेला नारळ घेऊन आले.